महाराज लायबल केस : साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील डॉक्टर

२५ जानेवारी १८६२. मुंबईत हायकोर्ट अजून स्थापन व्हायचे होते. जुन्या सुप्रीम कोर्टात सर मॅथ्यू सॉस व सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे अब्रुनुकसानीचा एक दावा सुनावणीस निघाला. वादी वल्लभ संप्रदायाचे जदुनाथजी महाराज. प्रतिवादी ‘सत्यप्रकाश’ पत्राचे करसनदास मुळजी आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना. महाराज मंडळी भक्तांच्या स्त्रियांशी अनाचार करतात, असे करसनदासांनी ऑक्टोबर १८६० मध्ये जदुनाथजींचे नाव घेऊन छापले होते. मागणी ५०,००० रुपयांची.

आरोप सिद्ध करायचा तर बोलणार कोण? महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया पुढाऱ्यांनी कट केला होता. त्यांना त्यापायी दंडही झाला होता. अशा वेळी प्रतिवादीच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. धीरजराम दलपतराम उभे राहिले. महाराजांना उपदंश झाला होता, असे त्यांनी शपथेवर सांगितले.

ही साक्ष दुपेडी होती. रोगी पाहिला, हा प्रत्यक्ष घटनेचा पुरावा. लक्षणांवरून रोग ठरवला, हे शास्त्रज्ञाचे मत. इंग्रजी कायद्यात अशा मताला मान्यता देणारा प्रसिद्ध निर्णय १७८२चा. नॉरफोकमधील वेल्स बंदर गाळाने का भरते, यावर अभियंता जॉन स्मीटनचे मत ऐकलेच पाहिजे, असे लॉर्ड मॅन्सफिल्डने ठरवले. याच मॅन्सफिल्डने १७७६ मध्ये, डचेस ऑफ किंग्स्टनच्या खटल्यात, एका शल्यवैद्याला बजावले होते की रुग्णाचे गुपित एरवी फोडणे हा विश्वासघात असेल, पण न्यायालयाने विचारल्यावर ते सांगावेच लागेल. भाऊ दाजींच्या डोक्यावर हे दोन्ही निर्णय होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील हा डॉक्टर. त्याच्याकडे येणारे रुग्ण याच शहरातले. त्या जबानीची किंमत आज सहज लक्षात येत नाही.

दुसरे तज्ज्ञ डॉ. जॉन विल्सन. संप्रदायाच्या मतांविषयी त्यांनी साक्ष दिली आणि आर्नोल्ड यांनी निकालात त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव केला. विद्वत्ता निर्विवाद, परंतु हिंदू पंडितांशी जाहीर वाद घालणारा मिशनरी या प्रश्नात तटस्थ कसा मानावा? आजचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारील. डॉक्टरांच्या साक्षीमागे निदान पाहिलेला रोगी होता. म्हणून त्या दोघांचा पुरावा मला अधिक भक्कम वाटतो.

२२ एप्रिलला निकाल लागला. मुख्य मुद्द्यावर करसनदासांचे लिहिणे खरे ठरले.

पुढे १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ४५ने तज्ज्ञांच्या मताला जागा दिली. २०२३च्या साक्ष्य अधिनियमात ते कलम ३९ आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गुपितालाही कायद्याने संरक्षण दिले. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेल्या गुपिताला मात्र तसे कलम १८७२ मध्येही नव्हते, आजही नाही.