खडीच्या ढिगापासून संसदेपर्यंत

सिद्धेश्वरहून आम्ही बोलतोय. गटाच्या बैठकीत कायद्याचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "कायदे दिल्लीत होतात, आपलं काय तिथं?" म्हणून आज आम्ही एका कायद्याचा इतिहास सांगणार आहोत. रोजगार हमीचा.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आई-आज्यांनी भोगला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. विहिरी आटल्या आणि घरच्या बाया घमेलं घेऊन दुष्काळी कामावर गेल्या. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. कामासाठी, मजुरीसाठी मोर्चे निघाले. त्यांत बायाही होत्या.

'मागेल त्याला काम' ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडली होती. सांगली जिल्ह्यात विसापूर भागात तिचा प्रयोगही झाला होता. पण नुसत्या कल्पनेचा कायदा होत नाही. दुष्काळानं तिला जोर दिला. पैशासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. तो मुख्यतः शहरातल्या पगारदारांकडून मिळे. बांध, रस्ते, तलाव झाले तर आपल्या जमिनीला फायदा, हे बागायतदारांनाही दिसत होतं. गरज, मोर्चे, पैसा आणि मोठ्यांचा स्वार्थ असं सगळं जुळलं. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

देशाला असा कायदा मिळायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. २००४ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारनं रोजगार हमीचं वचन दिलं होतं. डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं गेलं. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. त्यात हमी फक्त गरीब कुटुंबांना होती. म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, तर काम नाही! आणि त्या यादीतून खऱ्या गरजूंची नावं कशी गळतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. अशा समितीत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार बसतात, मसुदा तपासतात, जाणकारांचं आणि संघटनांचं म्हणणं ऐकतात. बाहेर दबाव दोन्ही बाजूंनी होता. एवढा पैसा आणायचा कुठून, असं काहीजण विचारत होते. दुसरीकडे मजुरांच्या संघटना राज्याराज्यांत यात्रा काढत होत्या. अखेर ती अट गेली. अंगमेहनतीला तयार असलेल्या प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी मिळाली. कामावर किमान एक तृतीयांश बाया असाव्यात, हेही लिहिलं गेलं. ऑगस्ट २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली.

२ फेब्रुवारी २००६ ला देशातल्या २०० जिल्ह्यांत कायदा सुरू झाला. त्यांत आपला हिंगोली जिल्हाही होता.

विचार करा, बायांनो. ती एक अट तशीच राहिली असती, तर आपल्यातल्या किती जणी कामाबाहेर राहिल्या असत्या? कायदा कच्चा असतो, तेव्हाच त्यातला शब्द बदलणं सोपं असतं. आणि झालेला कायदाही संसद पुन्हा बदलू शकते, चांगल्यासाठी किंवा वाईटासाठी. म्हणून नवं विधेयक आल्याचं कानावर पडलं, की बैठकीत ते वाचून घ्या. खटकलं ते लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि आपल्या खासदारांकडे पाठवा. एकटीचं पत्र बाजूला पडेल. चाळीस गावांची पत्रं आली, तर मात्र उत्तर द्यावं लागतं.

आज्यांनी खडी फोडली. आपण निदान कागद तरी लिहूया.