लायटरमधला खडा

परवा गॅसचा लायटर बिघडला. कुठलीही वस्तू टाकून देण्याआधी उघडून बघायची माझी जुनी खोड (घरच्यांना विचारा!). आत ना बॅटरी, ना गारगोटी. एक स्प्रिंग, चिमुकली हातोडी आणि चिनी मातीसारखा दिसणारा छोटासा खडा. त्यावर हातोडी आपटली की हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते.

दाबलं की वीज देणारे असे स्फटिक १८८० साली पॅरिसमध्ये सापडले. शोधणारे दोघे सख्खे भाऊ. पिएर क्यूरी २१ वर्षांचा, थोरला जाक २४ चा. त्यांनी क्वार्ट्झ तपासलं, पुष्कराज तपासला, आणि गंमत म्हणजे उसाच्या साखरेचा स्फटिकसुद्धा! वीज दिली तर उलट स्फटिकाचा आकार बदलतो, हेही त्यांनी पुढच्या वर्षी दाखवलं.

पण ह्याचा उपयोग काय? बरीच वर्षं कारखान्यांना त्याचं काहीच नव्हतं. भावांनी मात्र त्यातून एक मोजमापाचं उपकरण बनवलं. क्वार्ट्झच्या पट्टीला वजन टांगायचं, म्हणजे नेमका ठाऊक असलेला वीजभार मिळतो.

१८९८ मध्ये हेच उपकरण पिएरच्या बायकोच्या, मेरीच्या, हाती आलं. युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून वाहणारी वीज इतकी क्षीण की साध्या यंत्राला कळायचीही नाही. मेरी ती क्वार्ट्झच्या विजेने तोलायची आणि किती सेकंद लागले ते बघायची. पिचब्लेंड हे खनिज युरेनियमपेक्षाही जास्त किरण सोडतंय हे त्या आकड्यांतूनच कळलं, आणि त्याच वर्षी पोलोनियम व रेडियम जाहीर झाले. रेडियमची गोष्ट आपण शाळेत शिकलो, पण ह्या पट्टीबद्दल निदान मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

१९ एप्रिल १९०६ ला पिएर पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून गेला. पुढे महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा त्याचाच विद्यार्थी पॉल लांजव्हँ ह्याने क्वार्ट्झ दोन पोलादी पत्र्यांमध्ये बसवून पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या. तो सोनारचा पाया. मग क्वार्ट्झची घड्याळं आली, सोनोग्राफी आली, वेल्डिंगमधली आतली भेग शोधणारी यंत्रं आली.

असो. लायटर काही दुरुस्त झाला नाही. नवा आणला. जुना खडा टेबलाच्या खणात ठेवलाय.