दोन लिटरची रेघ : जुन्या झेडमधल्या नव्या इंजिनांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की गॅरेजमधली गप्पाष्टकं. जुनी जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची, तिचं इंजिन उतरवायचं आणि त्या जागी मोठं, टर्बो लावलेलं इंजिन बसवायचं. यात इतिहास कुठला? माझं म्हणणं असं की यात करांचा, प्रदूषणाच्या कायद्यांचा आणि दोन देशांच्या व्यापाराचा इतिहास आहे. तो कागदावर फारसा सापडत नाही, बोनेट उघडलं की सापडतो.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे पसारा होणार नाही. निसानची झेड, जिचा अंतर्गत संकेतांक एस३०. १९६९च्या अखेरीस ती जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ म्हणून आली आणि अमेरिकेत ‘डॅटसन २४०झेड’ म्हणून. निसानचे अमेरिकेतले प्रमुख युताका कातायामा यांना ‘फेअरलेडी’ हे नाव अमेरिकन गिऱ्हाइकाला चालेल असं वाटेना, म्हणून तिथे नुसता आकडा आणि अक्षर. किंमत ३,५२६ डॉलर. लांब नाक, आखूड शेपटी, वजन हजार-अकराशे किलोंच्या आसपास आणि पुढे एका रांगेत सहा सिलिंडर.

आता खरी गंमत बघा. गाडी एक, पण इंजिनं वेगळी. अमेरिकेत २.४ लिटरचं एल२४, २३९३ सीसी. जपानमध्ये सुरुवातीला बहुतेकांच्या वाट्याला एल२०, १९९८ सीसी. दोन कमी दोन हजार! हा आकडा असा काठावर येऊन का थांबला? कारण जपानमध्ये दोन लिटरपर्यंतची गाडी ‘लहान’ वर्गात मोडत असे, नंबरप्लेटवरच्या वर्गाचा आकडा ५ ने सुरू होई. एक घनसेंटिमीटर जरी रेघेपलीकडे गेला तरी वर्ग ३, आणि वार्षिक कर दुपटीहून जास्त. १९८९च्या करसुधारणेपर्यंत ही स्थिती होती. म्हणजे इंजिन किती मोठं असावं हे अभियंत्यांनी थोडं आणि अर्थखात्याने बरंच ठरवलं.

पण कारखान्याने एल मालिकेची सहा सिलिंडरची इंजिनं एकाच घराण्यातली ठेवली होती. एल२०, एल२४, पुढे एल२६ आणि एल२८. बाहेरून सख्खी भावंडं. चासीवरचे माउंट तेच, गिअरबॉक्सचे बोल्ट त्याच जागी. फरक आतल्या बोअरचा आणि स्ट्रोकचा. एल२४चा बोअर ८३ मिलिमीटर, स्ट्रोक ७३.७, एल२८चा बोअर ८६, स्ट्रोक ७९. त्यामुळे दोन लिटरच्या फेअरलेडीत २.८ लिटरचा ब्लॉक बसवणं हे तोडमोडीचं काम नव्हतं, अदलाबदलीचं होतं. नियमाने अशा गाडीची नव्याने तपासणी करून घ्यायची, वर्ग बदलून घ्यायचा. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसत असताना मोह कुठे होता, हे सांगायला नको. (हशा)

जपानी मेकॅनिक तिथेही थांबले नाहीत. निसानकडे याच घराण्यातलं एक डिझेल इंजिन होतं, एलडी२८. सेड्रिक, लॉरेल अशा भारदस्त, शांत गाड्यांमधलं. त्याच्या क्रँकचा स्ट्रोक ८३ मिलिमीटर. तो क्रँक पेट्रोलच्या ब्लॉकमध्ये घालायचा, बोअर ८९ पर्यंत वाढवायचा. हिशेब करून पाहा, सहा सिलिंडर मिळून जवळजवळ ३१०० सीसी होतात. हेच ते प्रसिद्ध ‘३.१’. डिझेल गाडीची हाडं स्पोर्ट्स कारमध्ये! अमेरिकेतल्या लोकांना तोच क्रँक डिझेल मॅक्सिमामध्ये सापडला. एकाच युक्तीच्या या दोन वाटा मला फार आवडतात, कारण कारखान्याने स्वस्ताईसाठी सुटे भाग सारखे ठेवले आणि त्याचा फायदा ज्यांच्यासाठी ते केलंच नव्हतं त्यांनी घेतला.

या ३.१ वर दोन टर्बो चढवलेली निळी एस३० ही मिचिहारू कुसुनोकी यांच्या ‘वानगान मिडनाइट’ या मांगाची नायिका आहे. मांगा १९९० मध्ये सुरू झाला. मुलं आज या गाडीला ओळखतात ती बऱ्याचदा त्यातून. मला मात्र त्या मध्यरात्रीच्या वेगाचं कौतुक करायचं नाही. तो रस्ता सार्वजनिक होता आणि त्यावरून इतर माणसंही घरी जात होती.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे कराची रेघ नव्हती, तिथे धुराची आणि बंपरची रेघ आली. १९७४ची २६०झेड बघा. प्रदूषण कमी करण्यासाठी बदललेले कार्ब्युरेटर इतके नावडते झाले की मालकांनी ते काढून जुन्या मॉडेलचे बसवले. अपघाताच्या नियमांसाठी बंपर जड झाले. १९७५च्या २८०झेडमध्ये इंजिन मोठं झालं, फ्युएल इंजेक्शन आलं, पण गाडीचं वजनही वाढलं. पुढची २८०झेडएक्स ही तर आरामखुर्चीच होती. अशी गाडी वाईट नसते, फक्त ती वेगळ्या माणसासाठी असते.

आणि नेमक्या या आरामखुर्चीला निसानने १९८१ मध्ये टर्बो दिला. इंजिन एल२८ईटी. टर्बो म्हणजे काय, ते एका वाक्यात: सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. इथे गॅरेटचा टी३ टर्बो होता, दाब साधारण अर्धा बार. आतला स्फोट अवेळी होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन ७.४ वर उतरवलेलं. ताकद १८० हॉर्सपॉवर.

इथे एक सावधगिरी. २४०झेडची जाहिरातीतली ताकद १५१ होती, मग तीसचाच फरक, असं कुणी म्हणेल. तसं नाही. १९७०-७१चे अमेरिकन आकडे ‘ग्रॉस’ असत, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, अंगावरची ओझी उतरवून मोजलेले. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, गाडीत असतं तसं सगळं लावून मोजलेले. जुने-नवे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे एकाला बूट घालून आणि दुसऱ्याला अनवाणी उभं करून उंची मोजण्यासारखं आहे. खरा फरक बराच मोठा होता.

तर भंगाराच्या अंगणात मागून ठोकलेली २८०झेडएक्स टर्बो पडलेली आणि घरी हलकी २४०झेड. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच सांगा. १९८१च्या टर्बोला अमेरिकेत फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, पुढच्या वर्षी पाच गिअरचा मॅन्युअल आला, तेव्हा ८२-८३च्या गाडीला मागणी जास्त.

इंजिन आपल्या जागी बसतं, हे खरं. पण इंजिन बसणं आणि गाडी चालणं यात महिने जातात. जुन्या गाडीला कार्ब्युरेटर आणि कमी दाबाचा पंप. इंजेक्शनला सुमारे अडीच बार दाब हवा. म्हणजे पंप नवा, पाइप नवे. संगणक आणि त्याचं वायरिंग दाता गाडीतून सोडवून आणायचं, एकेक तार ओळखत. या इंजिनात हवा आत जाण्याची आणि धूर बाहेर पडण्याची बाजू एकच, त्यामुळे लालबुंद टर्बो इनटेकच्या पोटाखाली येतो आणि सगळं तापतं. कारखान्याने इंटरकूलर दिला नव्हता. अशा स्थितीत उत्साहाच्या भरात दाब वाढवला की पिस्टन आणि हेड गॅस्केट जातं. मग मागचं डिफरन्शियल लहान पडतं, तिथे पुढच्या मॉडेलमधलं आर२०० येतं. ब्रेक कमी पडतात, तिथे टोयोटाच्या चारचाकी ओढीच्या पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर येतात. आणि हे सगळं ज्या पत्र्यावर उभं करायचं तो पत्रा बॅटरीखाली आणि उंबऱ्यात सडलेला असतो. मला विचाराल तर पैसा आधी तिथे घालावा. सडक्या चासीत ताकद वाढवणं ही हौस नाही, अविचार आहे.

पुढचा टप्पा १९८९ नंतरचा. स्कायलाइन जीटी-आरबरोबर आरबी२६डीईटीटी आलं, २५६८ सीसी, दोन टर्बो. हे एलचं सख्खं भावंड नव्हे, धाकटी पाती. त्यामुळे माउंट नवे घडवावे लागतात. शिवाय ते चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीसाठी केलेलं, तेलाच्या टाकीतच पुढच्या डिफरन्शियलची सोय. मागच्या चाकांच्या झेडसाठी ती टाकी बदलावी लागते. अशी जपानी टर्बो इंजिनं परदेशात वापरलेली का मिळू लागली, याचं एक कारण पुन्हा कायद्यात आहे. जपानची ‘शाकेन’ तपासणी महागडी, आणि १९९५ पर्यंत दहा वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी करावी लागे. लोक धडधाकट गाड्या काढून टाकत. गाडीचा पुढचा अर्धा भाग कापून जहाजात चढे.

आणि ही इंजिनं पुन्हा २४०झेडमध्येच का? कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धूर-तपासणी माफ आहे. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर ते गाडीइतकं किंवा गाडीहून नवं हवं, त्याची सगळी प्रदूषणरोधक यंत्रणा सोबत हवी आणि अधिकृत परीक्षकाला दाखवायची. म्हणजे ज्या कायद्याने १९७४ मध्ये झेडला दमवलं, त्याच कायद्याच्या तारखेने आधीच्या झेडला मोकळं रान दिलं.

एक प्रश्न आला आहे समोरून: “मग मूळ इंजिन फेकून देणं हा वारशाचा नाश नाही का?”

प्रश्न योग्य आहे, आणि आता तो पैशांचाही झालाय. जानेवारी २०२० मध्ये १९७१ची एक अस्सल २४०झेड लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. १९८५ मध्ये तीच गाडी म्हणजे जुनी डॅटसन होती. तेव्हा ज्यांनी इंजिन बदललं त्यांनी वारसा मोडला असं मी म्हणणार नाही. अनेक गाड्या त्या बदलामुळेच भंगारात गेल्या नाहीत. पण आज शाबूत एल२४ असलेली गाडी उघडणाऱ्याने हात जरा आवरावा. सडलेल्या, इंजिन आधीच गमावलेल्या झेड अजून पुष्कळ आहेत. आणि बदललंच, तर जुना ब्लॉक तेल लावून, गुंडाळून, गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावा.

आपल्या आरसी बुकावर चासी नंबर आणि इंजिन नंबर शेजारी शेजारी असतात ना, तशी अमेरिकन २४०झेडच्या बोनेटखाली एक लहानशी पाटी असते. तीवर इंजिन नंबर एल२४ ने सुरू होतो. बदललेल्या गाडीत त्या पाटीपासून हातभर अंतरावर ब्लॉकवर एल२८ कोरलेलं दिसतं. संग्राहक या विसंगतीला दोष म्हणतो. मी मात्र कुठलीही झेड दिसली की आधी ते दोन आकडे वाचतो. पुढचा प्रश्न घेऊ या.