सर्गेई कोर्साकोव्ह आणि मद्यजन्य स्मृतिभ्रंशाचा प्रश्न

मद्याच्या अतिरेकाने बुद्धी भ्रष्ट होते, हे सर्वच समाजांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु मद्य मेंदूच्या कोणत्या व्यापारात आणि कशा रीतीने बिघाड घडविते, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ह्या इतिहासात सर्गेई कोर्साकोव्ह (१८५४–१९००) ह्या रशियन वैद्याचे नाव अग्रभागी येते. त्याच्या नावाशी जोडली गेलेली समजूत आणि त्याचे स्वतःचे प्रतिपादन ह्यांत मात्र अंतर आहे.

मॉस्को विद्यापीठातून १८७५ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर कोर्साकोव्हने प्रिओब्राझेन्स्की मनोरुग्णालयात काम केले व कोझेव्हनिकोव्हच्या मज्जाविकार-चिकित्सालयात शिक्षण घेतले. १८८७ च्या त्याच्या प्रबंधाचा विषय ‘मद्यजन्य पक्षाघात’ हा होता. हातापायांचे मज्जातंतू दुबळे झालेल्या मद्यपी रुग्णांत स्मृतीचाही एक विशिष्ट बिघाड आढळतो, हे त्याने दाखवून दिले. १८८९ च्या फ्रेंच निबंधातील त्याची वर्णने आजही वाचनीय आहेत. रुग्ण सुसंगत बोलतो, पत्त्यांचा डाव नीट खेळतो. पत्ते उचलून नेताच आपण खेळलो हेच तो विसरतो. वैद्य क्षणभर बाहेर जाऊन परतला, तर त्याचे स्वागत नवागतासारखे होते. अंथरुणाला खिळलेला मनुष्य काल आपण कोठे फिरून आलो, हे तपशिलाने सांगतो. एका रुग्णाला विजेच्या उपचाराची आठवण नव्हती. तरीही यंत्राची पेटी दिसताच, आपल्याला वीज लावण्यास वैद्य आला असावा, असे तो म्हणाला. स्मृतीचा काही अंश जाणिवेच्या खाली शिल्लक राहतो, हा ह्यातून निघणारा सिद्धान्त विसाव्या शतकातील मानसशास्त्राला फार उशिरा गवसला.

कोर्साकोव्हचे बहुसंख्य रुग्ण मद्यपी होते, सर्व नव्हते. विषमज्वर किंवा प्रसूतिपश्चात विकार झालेल्या, मद्याशी संबंध नसलेल्या रुग्णांतही त्याला हाच विकार दिसला. म्हणून मद्य हे एक निमित्त असून मूळ कारण रक्तात साठणारे एखादे विष असावे, असा तर्क त्याने मांडला. तर्क चुकला, पण निरनिराळ्या निमित्तांमागे एकच कारण शोधण्याची दिशा बरोबर होती. १८९२ मध्ये तो प्राध्यापक झाला. १८९७ मध्ये बर्लिनच्या योलीने ह्या विकाराला कोर्साकोव्हचे नाव सुचविले, आणि पुढे ते नाव मद्यपींच्या रोगाचे नाव म्हणूनच रूढ झाले.

वेर्निकेच्या बाबतीतही असेच घडले, हे लक्षणीय आहे. डोळ्यांचे स्नायू लुळे पडणे, तोल जाणे व भ्रम ही लक्षणे असलेला मेंदूचा तीव्र विकार त्याने १८८१ मध्ये वर्णिला. तिघा रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी स्त्री गंधकाम्ल प्याल्यानंतर सतत वांत्या होऊन खंगली होती. मद्यपी आणि ती स्त्री ह्यांच्यात समान होते ते कुपोषण. परंतु अन्नघटकाच्या अभावाने रोग होतो, ही कल्पनाच त्या काळी वैद्यकात रुजलेली नव्हती. थायमीन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, १९२६ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्यानंतर ऑक्सफर्डच्या पीटर्सने कबुतरांवरील प्रयोगांनी दाखविले की, त्याच्या अभावी मेंदूतील शर्करेचे ज्वलन अर्धवट राहते.

निर्णायक पुरावा प्रयोगशाळेबाहेरून आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर येथे जपान्यांच्या कैदेत मुख्यतः भातावर जगणाऱ्या ५२ रुग्णांत वेर्निकेचा विकार आढळल्याचे द वार्डनर व लेनॉक्स ह्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे मद्याचा प्रश्नच नव्हता. त्यांतील अनेकांची स्मृती मात्र बिघडली होती आणि थायमीनने गुण येत होता. मद्यपी मनुष्य अन्न टाळतो, शिवाय मद्यामुळे आतड्यातून थायमीनचे शोषणही मंदावते. मद्य स्वतंत्रपणे मेंदूची किती हानी करते, ह्याविषयी अद्याप मतभेद आहेत.

१९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मद्यजन्य व अमद्यजन्य असे कोर्साकोव्ह-विकाराचे दोन प्रकार करून ते निरनिराळ्या क्रमांकांखाली नोंदविले गेले.