जनुक सापडणं आणि जनुक सिद्ध होणं
(महागाव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, खर्रा म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यात येऊन सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, आणि पन्नीत घोटणं. तो जिथे धरून ठेवतात, त्या गाल आणि हिरडीच्या खोबणीत होणाऱ्या कर्करोगाबद्दल आज बोलायचंय. तंबाखूवर प्रवचन मात्र देणार नाही. प्रश्न असा, की पेशी बिघडते तेव्हा तिच्यातलं नेमकं कोणतं जनुक बिघडलं, आणि दोष त्याचाच हे ठरवायचं कसं?

काही जनुकं मुकादमासारखी असतात. बाकीच्यांनी कधी कामाला लागायचं, कधी थांबायचं, हे ती ठरवतात. त्यांना नियामक म्हणू. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पी५३. त्याचं प्रथिन १९७९ साली सापडलं. गाठीच्या पेशींत ते भरपूर दिसायचं, म्हणून कर्करोग तेच घडवतं असं शास्त्रज्ञांनी धरलं. तब्बल दहा वर्षं! १९८९ मध्ये उलगडा झाला. प्रयोगशाळांत वापरात असलेल्या त्याच्या अनेक प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. धडधाकट पी५३ पेशीत घातलं, तर ते गाठीला अडवतं. म्हणजे राखणदारालाच चोर ठरवलं होतं.

ही चूक उघड झाली ती शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींमुळे. आणि इथे आपल्या माणसांचा संबंध येतो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. हेला पेशी जिथे वाढल्या, तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी परळला देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता किती, संप्रेरकं किती, विषाणू किती, हे त्या तपासत होत्या. जनुकं वाचायची सोय तेव्हा नव्हती, पण पुराव्याची शिस्त तीच.

त्याच संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात आहे. ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधली कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. आधी ५० रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या गाठीतला आणि रक्तातला डीएनए शेजारी ठेवून वाचला. रक्तात नाही आणि गाठीत आहे, तो बदल नंतरचा. मग आणखी ६० रुग्णांत तेच बदल पुन्हा दिसतात का, ते पाहिलं. पी५३ होतंच. शिवाय एमएलएल४, एआरआयडी२ ही नवी नावं आली. ही दोन्ही डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करण्याच्या यंत्रणेतली, म्हणजे मुकादमच.

पण पुन्हापुन्हा दिसणं हा संशय बळकट करणारा पुरावा झाला; आरोप सिद्ध झाला असं नाही. तंबाखूने पोळलेल्या पेशीत शेकडो बदल असतात, बहुतेक नुसते बरोबर आलेले प्रवासी. म्हणून पुढे ते जनुक पेशीत बंद करायचं, पेशी वाढते का बघायचं. दुरुस्त प्रत घालून वाढ थांबते का बघायचं. मग उंदरात तेच. एकेका जनुकामागे वर्षं जातात. शिवाय बिघडलं ते राखणदार जनुक असेल, तर औषधाने बंद करण्यासारखं काही हातात उरत नाही. हरवलेलं काम परत सुरू करावं लागतं, आणि ते फार अवघड. त्यामुळे अहवालात जनुकाचं नाव आलं, तरी या कर्करोगात बहुतेकांचा पहिला उपचार आजही शस्त्रक्रियाच असतो.