धडधाकट माणसाची वर्गणी

तारुण्यांत मनुष्याला मरण ठाऊक असतें, पण आजार ठाऊक नसतो. मरणाविषयीं त्यानें कीर्तनांत ऐकलेलें असतें, घरांत पाहिलेलेंही असतें. परंतु महिना-दीड महिना अंथरुणास खिळून रोजी बुडणें म्हणजे काय, हें अंगावर आल्यावांचून कळत नाहीं. म्हणूनच पंचवीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या तरुणाला 'तूं आज आजारी नाहींस, तरी आजारासाठीं दरसाल पैसे भर' असें सांगितलें, कीं तो हंसतो. आणि त्याच्या हंसण्यांत कांहींच तथ्य नसतें असेंही नाहीं. आरोग्यविमा घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न आजच्या तरुणास नवा वाटतो. वस्तुतः परळ-लालबागच्या चाळींपुढें तो पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. आणि तेथें त्याला जीं उत्तरें मिळालीं, त्यांचा इतिहास ध्यानांत घेतला तर आजचा निर्णय अधिक डोळसपणें करतां येईल.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेली कापसाची गिरणी ताडदेवास १८५६ मध्यें चालूं झाली. त्यानंतर भायखळ्यापासून परळपर्यंत धुराडीं उभीं राहिलीं, आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून तरणींताठीं माणसें मुंबईस लोटलीं. बहुतेकांचीं बायकामुलें गांवींच असत. गांववाल्यांच्या खोलींत पाळीपाळीनें निजावें, खानावळवालीकडे जेवावें आणि उरलेले पैसे घरीं धाडावे, असा त्यांचा क्रम. या माणसांनीं आजाराची तरतूद केली नव्हती, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. गांव हाच त्यांचा विमा होता, आणि दरमहा जाणारी मनिऑर्डर ही त्या विम्याची वर्गणी होती. अंगांत ताकद असेतों गांवास पोसावें. ती संपली, कीं गांवानें आपणांस पोसावें! १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला तेव्हां हजारों कामगारांनीं गांवची वाट धरली. शहरानें ज्यांना आसरा दिला नाहीं, त्यांना गांवानें दिला.

परंतु या विम्याला मोठें वैगुण्य होतें. जमिनीचे तुकडे होत चालले तसतशी गांवाची पोसण्याची शक्ति आटूं लागली. क्षय झालेला मनुष्य घरीं परतला म्हणजे रोगही त्याच्याबरोबर घरीं जाई. शिवाय गिरणींतील जागा कोणासाठीं थांबत नसे. दाराशीं बदलीवाले उभे असत. चार महिने गांवीं काढून आलेल्याला पुन्हां मुकादमाची मनधरणी करावी लागे. तोंवर घरखर्च चाले तो सावकाराच्या पैशावर. दुखणें बरें होई, पण त्यासाठीं काढलेलें कर्ज बरें होत नसे.

सरकारनें या प्रश्नास हात घातला तो कडेकडेनें. १९२३ च्या कायद्यानें कामावर इजा झालेल्यास भरपाई मिळूं लागली. १९२९ मध्यें मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. यंत्रांत हात गेला तर भरपाई होती. त्याच कामगाराला विषमज्वर झाला तर मात्र कोणी विचारीत नव्हतें. जर्मनींत १८८३ सालीं व इंग्लंडांत १९११ सालीं आजाराच्या विम्याचे कायदे झाले होते. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटली कमिशनपुढें हा विषय निघाला. १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापणारे ना. म. जोशी या कमिशनाचे सभासद होते. कमिशननें गरज मान्य केली. पण आजाराचे भरंवशाचे आंकडे नाहींत म्हणून आधीं चौकशी व्हावी, असा अभिप्राय १९३१ सालीं दिला. ही चौकशी पुढें बारा वर्षें रेंगाळली.

अखेर मार्च १९४३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें प्रो. बी. पी. आडारकर यांची नेमणूक केली. मजूरखातें त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतें, परळच्या बी. आय. टी. चाळींत अनेक वर्षें काढलेल्या या गृहस्थांस कामगारांच्या आजारपणाचें वर्णन कोणी वाचून दाखविण्याची आवश्यकता नव्हती. आडारकरांनीं ऑगस्ट १९४४ मध्यें आपला अहवाल सादर केला. त्यांतील योजना वर्गणीची होती, आणि सक्तीची होती.

सक्ति कशाला, असा प्रश्न येथें साहजिकच उद्भवतो. एका चाळींतील शंभर बिऱ्हाडांनीं आजारासाठीं फंड काढला, आणि सामील होणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवलें, असें समजूं. प्रथम कोण येईल? ज्याला खोकला लागला आहे तो, ज्याची उमर झाली आहे तो. तालमींत जोर काढणारा पोरगा म्हणेल, पुढें पाहूं. मग फंडावर भार अधिक व शिल्लक थोडी. म्हणून वर्गणी वाढवावी लागेल. ती वाढली, कीं जे थोडे धडधाकट आले होते तेही निघून जातील, आणि शेवटीं रोगीच तेवढे एकमेकांचा भार वाहत बसतील. एकेका तरुणाचा हिशेब चुकीचा नसतो. परंतु सर्वांनीं तोच हिशेब केला, कीं त्या तरुणांच्याच म्हातारपणीं फंड शिल्लक राहत नाहीं. हा पेंच एकट्याच्या शहाणपणानें सुटण्यासारखा नाहीं. म्हणून कायद्यानें सर्वांस एकदम आंत घेतलें.

१९४८ च्या एप्रिलांत राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. बारमाही कारखान्यांतील, दरमहा ४०० रुपयांपर्यंत कमावणारा कामगार त्याखालीं आला. वर्गणी मालक व कामगार दोघांचीही. मात्र ज्याची रोजची मजुरी रुपयाहून कमी, त्याच्याकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा दंडक होता. औषधोपचाराखेरीज आजारपणांत सुमारें अर्धी मजुरी, वर्षांतून ५६ दिवसांपर्यंत, मिळावयाची होती. केवळ औषध देऊन आजारी कामगार बरा होत नाहीं, त्याची चूलही पेटती राहावी लागते, हें या कायद्यानें ओळखलें. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली, व १९५४ सालीं मुंबईस आली. येथें ठिकठिकाणच्या खासगी डॉक्टरांची यादी करून कामगारानें त्यांतून आपला डॉक्टर निवडावा, अशी पद्धत घातली गेली. आणि मोठ्या दुखण्यासाठीं परळचें महात्मा गांधी स्मारक रुग्णालय गिरणगांवास ओळखीचें झालें.

या व्यवस्थेचा पाया मात्र नोकरी हा होता. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परत जावयास गिरणीच राहिली नाहीं. नोकरी गेली तेव्हां तिला बांधलेला विमाही गेला. त्यांच्या मुलांनीं सुटीं कामें धरलीं. कांहीं शिकलीं व कायद्याच्या पगारमर्यादेपलीकडे गेलीं. १९८६ सालीं सरकारी विमा कंपन्यांनीं मेडिक्लेम आणला. तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा होता. म्हणजे जो प्रश्न १९४८ सालीं सक्तीनें मिटला होता, तो तरुणाच्या दारांत फिरून येऊन उभा राहिला.

तो केवळ आपल्याच दारांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत २०१० च्या कायद्यानें सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना आईबापांच्या विम्यांत राहण्याची मुभा दिली, व २०१४ पासून विमा न घेणाऱ्यावर दंड बसविला. तरुणांनीं यावें, म्हणजे सर्वांचा हप्ता आटोक्यांत राहील, हाच त्यांतला हेतु. तो दंड २०१९ पासून शून्य झाला. आपल्याकडे २०१२ सालीं मुंबईसह आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना निघाली. २०१७ मध्यें तिला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. रुग्णालयांतील मोठ्या उपचारांपुरता तिचा आधार खराच. पण बुडालेली रोजी ती देत नाहीं.

मग आजच्या तरुणानें काय करावें? ज्याच्या कमाईवर आईबाप, धाकटीं भावंडें व घरभाडें अवलंबून आहे, त्याला हप्ता जड वाटतो, हा त्याचा अविचार मानूं नये. परंतु अपघात वय विचारून येत नाहीं. आणि रोग जडल्यावर विमा घेतला तर त्या रोगासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें. विमा निरोगी असतांनाच स्वस्त मिळतो. मात्र घेतांना एवढें ओळखावें, कीं तो खाटेचें बिल देईल, मजुरी देणार नाहीं. तेवढ्यासाठीं पदरीं कांहीं वेगळें ठेवणें भाग आहे.

याहून मोठी गोष्ट अशी, कीं आपण भरलेली वर्गणी वायां गेली असें निरोगी माणसानें मानूं नये. गांवीं मनिऑर्डर धाडणाऱ्या त्या जुन्या कामगारानें आपला पैसा वायां गेला असें कधीं म्हटलें नाहीं. तो पैसा कोणाच्या तरी औषधाला लागला होता, आणि आपली पाळी आली तेव्हां कोणी दार उघडील, एवढा भरंवसा त्यानें त्या पैशानें विकत घेतला होता.