नदीला काठ हवा

आज गिरणीत कोणत्या रंगाचा कागद बनतो आहे, हे नदीकडे पाहून सांगता येत असे. कधी तांबडा, कधी निळा, कधी हिरवा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातली नॅशुआ नदी १९६०च्या सुमारास अशी वाहत होती. फिचबर्गच्या कागद गिरण्यांचे रंग व लगदा आणि शहरांचे सांडपाणी सरळ तिच्यात येई.

रंग डोळ्यांना दिसतो. खरे नुकसान न दिसणारे होते. लगदा आणि मैला हे जीवाणूंचे अन्न. ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. हवेतून मिसळतो त्यापेक्षा अधिक प्राणवायू वापरला गेला, की मासे गुदमरतात.

१९६२ साली मॅरियन स्टॉडर्ट नदीजवळच्या ग्रॉटन गावी राहायला आल्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या की अधिकारी नव्हत्या. घर-संसार सांभाळणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांनी शेजाऱ्यांना, कामगारांना, व्यापाऱ्यांना एकत्र आणले. १९६५ मध्ये सहा हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन आणि नदीच्या घाण पाण्याची बाटली राज्याचे गव्हर्नर जॉन व्होल्पी यांच्यासमोर ठेवली गेली. १९६६ मध्ये राज्याचा आणि १९७२ मध्ये देशाचा जलशुद्धीचा कायदा झाला. शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली.

गोष्ट इथेच संपली असे आपल्याला वाटेल. पण या मंडळींना नदीच्या दोन्ही काठांवर हिरवा पट्टाही हवा होता. का बरे? गिरणीच्या नळाला तोंड असते; ते बंद करता येते. शेते, रस्ते, अंगणे यांवरून पावसाबरोबर वाहत येणाऱ्या घाणीला असे एक तोंड नसते. ती अडवते काठावरची झाडी. मुळे आणि पालापाचोळा पाण्याचा वेग कमी करतात, माती गाळून घेतात. सावलीमुळे पाणी थंड राहते, हेही महत्त्वाचे. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना जेमतेम ७.५.

पण काठची जमीन अनेकांच्या मालकीची. त्यासाठी एक वाट याच राज्यात आधी पडली होती. १८९१ मध्ये चार्ल्स इलियट यांच्या पुढाकाराने तिथे नागरिकांचा भूमी-न्यास स्थापन झाला होता. असा न्यास जमीन विकत किंवा दान घेतो आणि कायम राखतो. किंवा मालकी मालकाकडेच ठेवून 'इथे कधीही बांधकाम होणार नाही' असा करार करतो. ग्रॉटनच्या लोकांनीही १९६०च्या दशकात आपला न्यास उभारला. १९६९ मध्ये पाणलोट क्षेत्रासाठी नॅशुआ रिव्हर वॉटरशेड असोसिएशन सुरू झाली. १९७४ मध्ये फोर्ट डेव्हेन्स या लष्करी तळाच्या जमिनीतून ऑक्सबो अभयारण्य झाले. असा तुकड्यातुकड्याने काठ राखला गेला.

आता त्यावर लक्ष कोण ठेवणार? आमच्यासारख्या संशोधकांना एकच नदी वर्षानुवर्षे पाहणे क्वचितच जमते. ते काम तिथे स्वयंसेवक करतात. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी बाटल्या भरतात. तापमान, प्राणवायू, जीवाणू यांच्या नोंदी ठेवतात. शाळेची मुले होडीतून नदीवर शिकायला येतात. एकटी नोंद फारसे सांगत नाही. तीच जागा, तीच वेळ आणि दहा वर्षांच्या नोंदी असल्या, तर नदी बिघडते आहे की सुधारते आहे हे सांगता येते. २०१९ मध्ये नॅशुआच्या काही भागाला देशाच्या संरक्षित नद्यांत स्थान मिळाले. बाटलीपासून तिथवर ५४ वर्षे लागली.

शाळेजवळ ओढा असेल, तर एक तापमापी पुरेल. दर आठवड्याला एकाच वेळी झाडांखालचे आणि उघड्यावरचे पाणी मोजायला मुलांना सांगू या. वर्ष संपले की वही फेकायची नाही. पुढच्या वर्गाच्या हाती द्यायची.